मावशी, साडेतीनला पाय हलला नव्हता

शेवंतामावशी,

तुमच्यासाठी हॉस्पिटलात सगळे जमले, तेव्हा मलाही बोलायला उभं केलं. मी चार वाक्यं बोलले. त्यातलं तिसरं दुसऱ्यासारखंच होतं आणि चौथं अर्धं राहिलं. सगळ्यांना वाटलं, मॅडमचा गळा दाटून आला. एका सिस्टरनं पाणी आणून दिलं. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात. माझा गळा दाटलेला नसला तरी मी एवढंच बोलते, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

लिहायला मला वेळ लागतो, पण जमतं. पाटणकडच्या सुभेदारांच्या नातवाचं ऑपरेशन झालं, त्या दिवशी तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी होती. सकाळी सांगायची होती, सांगितली नाही. संध्याकाळी निदान माफी मागायची होती, तीही मागितली नाही. नंतर आठ वर्षं तुमच्या हातचा चहा प्यायले आणि ते रोज उद्यावर ढकललं. आता तुम्ही ऐकायला नाही. माझ्यासारख्या बाईला धीर यायला एवढं व्हावं लागतं.

मी भूलतज्ज्ञ म्हणून सांगलीला आले तेव्हाचा आपला वॉर्ड आठवतो का? ऑपरेशन झालेली बाळं रडायची, त्यांच्या आया रडायच्या, आणि बाळ रडतंय म्हणून आज्या खूश असायच्या. रडतंय म्हणजे जीव आहे, असं त्यांचं साधं गणित. आपले सर्जन, म्हणजे सर, तेही त्यातलेच. "तान्ह्या पोराला काय आठवतंय? रडेल आणि झोपेल," म्हणायचे. त्यांच्याशी वाद घालायचं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा त्यांच्या टेबलावर छापील लेख ठेवून परत आले. चौथ्या वेळी ते वैतागले. "द्या बाई काय सुई द्यायची ती. पण मला वाचायला देऊ नका."

ती सुई तुम्ही लोकांना तुमच्या पद्धतीनं समजावलीत. एकदा मला माझ्या पद्धतीनं सांगू द्या. बाळाला झोपेची भूल दिली की त्याला कुशीवर वळवायचं. माकडहाडाच्या वर एक लहानशी फट असते, तिथून थोडं औषध सोडायचं. कमरेखालच्या नसा तेवढ्यापुरत्या बधिर होतात. ऑपरेशन संपून बाळ जागं झालं, दूध मागायला लागलं, तरी जखमेचं दुखणं पुढचे काही तास त्याच्यापर्यंत पोचत नाही. पायही तोवर जड असतात. मग हळूहळू सगळं जागेवर येतं. एवढंच. हे मला कुठल्याही परीक्षेत सांगता आलं असतं. फक्त दाराबाहेर बसलेल्या दहा माणसांना सांगता येत नव्हतं.

पहिलं बाळ हर्नियाचं होतं. जागं झालं, डोळे उघडले आणि पंख्याकडे बघत पडून राहिलं. मला वाटलं, आता सगळे आनंदतील. मग आत्यानं बाळाच्या पायाला चिमटा काढला. बाळ पंख्याकडेच बघत होतं. दुसरा चिमटा आजीनं काढला, अनुभवी हाताचा. तरी पंखाच. आणि मग जो आकांत उठला!

"पाय गेलं वं माझ्या पोराचं! सुई मारून लुळं केलं!"

मी पडद्याआड उभी राहून "हा अपेक्षित परिणाम आहे" असं म्हणाले. पडद्याला म्हणाले.

तुम्ही हातातला पोछा भिंतीला टेकवून आत आलात.

"काय झालंया एवढं?"

"आवं, चिमटा काढला तरी पोरगं रडंना!"

"कुठं काढलासा चिमटा?"

"पायाला."

"आन् सुई कुठं दिलीया? कमरंत. मग पायाला कशापायी काढताय? गालाला काढा की!"

आत्यानं गालाला काढला. बाळानं असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावर ऐकू गेला. सगळं घराणं आनंदानं रडलं आणि आजीनं तुमच्या हातावर खडीसाखर ठेवली. बधिरपणा कुठवर आहे हे तपासायच्या सगळ्या पद्धती मी शिकून आले होते. त्यांत गाल नव्हता. तुम्ही पुढे त्याचा नियमच केलात. गालाची परीक्षा एकदाच होणार, ती मावशी घेणार, आणि नातेवाइकांनी हात मागे बांधून उभं राहायचं.

सगळं तुमच्यावर पडतंय असं वाटून मी एक माहितीपत्रक लिहिलं. दोन आठवडे लागले. वर शीर्षक: 'प्रादेशिक बधिरीकरणाविषयी पालकांस निवेदन'. तुम्ही दोन ओळी वाचल्यात, कागद उलटा करून मागची बाजू बघितलीत आणि अगदी हळू विचारलंत, "म्याडम, ह्ये कोर्टाचं हाय का?" पुढं त्या कागदांच्या पुड्या झाल्या. एका दुपारी मी माझ्याच निवेदनातून भडंग खाल्लं. निवेदन चांगलं होतं असं मला अजूनही वाटतं.

तुमचं निवेदन मात्र कुंडलच्या उसातून आलं होतं. शेतीच्या पंपाला लाईट कधी येते, कधी जाते, हे पाहण्यात तुमचा जन्म गेलेला. नातेवाईक जमले की तुम्ही कमरेवर हात ठेवून सुरू करायचात.

"ह्ये बगा, म्याडमनी पोराची कमरंखालची लाईट घालवलीया. वरची चालू हाय. डोस्कं चालू, तोंड चालू, पाय बंद. खांबावरची डीपी जळाल्याली न्हाई. नुसती लाईट गेलीया. गेल्याली लाईट येत असती का न्हाई?"

"येत असती," सगळे म्हणायचे. उसाच्या गावच्या माणसाला याहून जास्त समजावावं लागत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: "कवा येनार?"

आणि तुम्ही वेळ सांगायचात. नेमकी. साडेतीन. पावणेपाच. आपला वाद तिथे होता आणि तो मिटलाच नाही. मी म्हणायचे, "मावशी, असं नेमकं सांगू नका. चार ते सहा तास म्हणा. प्रत्येक बाळाचं वेगळं असतं." तुम्ही म्हणायचात, "आवं म्याडम, चार ते सहा म्हनल्यावर मानूस चारपास्नं सहापातूर जीव मुठीत धरून बसतंय. साडेतीन म्हनलं की साडेतीनपातूर निवांत चहा पितंय."

"आणि साडेतीनला नाही हलला पाय, तर?"

"मग म्होरं बगू की."

मी एकदा तुमच्या लाईटवरही आक्षेप घेतला. म्हटलं, लाईट एकदम येते, पाय हळूहळू येतात. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी आयुष्यात कधी बल्बच बघितला नाही. "एकदम कुठं येती? आदी सिंगल फेज येती, बलब लागत्यात. मग थ्री फेज, तवा मोटार सुरू. तसंच आदी बोटं हलत्यात, मग लाथा." मी साताऱ्यात, शाळामास्तरांच्या घरात वाढले. आमच्या घरी मोटार नव्हती.

आता सुभेदारांचा दिवस. एवढं लांबण लावलं ते तिथं यायचं टाळत होते म्हणून.

बाळ अडीच महिन्यांचं. हर्निया दोन्ही बाजूंना, म्हणजे ऑपरेशन रोजच्यापेक्षा लांबणार होतं. औषध मी रोज जितकं पातळ करते, तितकं त्या दिवशी केलं नाही. मात्रा सुरक्षित होती, विचार करून ठरवली होती, आजही तशीच देईन. फक्त पाय जास्त वेळ जड राहणार होते. हे मला ठाऊक होतं. सिरिंजवरच्या पट्टीवर मी तसा आकडाही लिहिला. दाराबाहेर येऊन तुम्हाला एक वाक्य सांगायचं होतं: "मावशी, आज उशीर लागेल." तुम्ही बाहेर पाच-सहा माणसांच्या घोळक्यात होतात. त्या घोळक्यातून जायचं, सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं, कुणीतरी काहीतरी विचारायचं. मी म्हटलं, नंतर सांगू. मावशी, चूक ती. सुईत नव्हती.

बाळाचे आजोबा निवृत्त सुभेदार. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, पाठ सरळ. तुमचं लाईटचं भाषण त्यांनी सावधान उभं राहून ऐकलं आणि विचारलं, "टायमिंग?"

"साडेतीन."

"पक्कं?"

"पक्कं."

साडेतीनला ते खुर्चीवरून उठले. "मावशी, साडेतीन झाले."

"आवं, तुमचं घड्याळ फुडं आसंल."

"माझं घड्याळ अठ्ठावीस वर्षं फुडं गेलं न्हाई."

पावणेचारला तुम्ही गालाची परीक्षा घेतलीत. गाल उत्तम. पाय तसाच, भिजल्या वातीसारखा. चार वाजले. बाळाची आजी कोपऱ्यात पुटपुटायला लागली. बाळाची आई, विशीतली पोर, बाळाचा तळवा स्वतःच्या गालाला लावून बसली होती. मी दोनदा जाऊन बाळ तपासून आले. सगळं ठीक होतं. "सगळं ठीक आहे," एवढं बोललेही. कुणी विश्वास ठेवला नाही. मी ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात सगळं ठीक आहे म्हटलं की माणसं घाबरतात.

तेवढ्यात तुम्ही आत आलात. भुलीचा ट्रे ठेवलेल्या टेबलाशी एक मिनिट उभ्या राहिलात, माझ्याकडे न बघता परत गेलात. मला वाटलं, कापूस घ्यायला आला होतात.

सव्वाचारला सुभेदारांनी सरांना बोलावलं. सर आले, पाय उचलून सोडला, तो पडला. कॉरिडॉरमध्ये सरांचा आवाज चढला. माझ्याकडे वळून म्हणाले, "मी सांगितलं होतं, असल्या भानगडी नकोत. उद्यापासून ही सुई बंद. रडू द्यात पोरं."

मी दारात, हातात पडदा धरून. एवढंच म्हणायचं होतं की मी जाणून जास्त वेळाचं औषध दिलंय, आणि ते बाहेर सांगायला विसरले. विसरले हेही खरं नाही, टाळलं. मी तोंड उघडलं. तोंडातून "अं" असा आवाज आला.

आणि तुम्ही पुढे झालात. "सायेब, चूक माजी हाय. म्याडमनी मला साडेपाच सांगितलं हुतं. माज्या ध्यानातनं गेलं. मी रोजचं साडेतीन सांगून बसले."

सुभेदार तुमच्यासमोर येऊन उभे राहिले. "ड्यूटीवर ध्यानातनं जातं? आमच्यात असा माणूस गेटवर ठेवला असता तर काय झालं असतं, ठाऊक हाय?" आणि मग त्यांनी काय काय झालं असतं ते सांगितलं. सरहद्दीपर्यंत गेले. तुम्ही पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत, खाली मान घालून ऐकत होतात. माझ्या आईच्या वयाच्या. मधून एकदा नुसतं म्हणालात, "व्हय, चुकलंच."

पाच वाजून दहा मिनिटांनी बाळाच्या डाव्या पायाची करंगळी हलली. मग सगळी बोटं. मग त्यानं अशी लाथ झाडली की सुभेदारांच्या हातातला चष्मा खाली पडला. त्यांनी चष्म्याआधी घड्याळ पाहिलं. "पाच दहा," ते मोठ्यानं म्हणाले. "साडेपाचच्या वीस मिनिटं आधी!" आणि एवढा वेळ ज्या बाईला ते शत्रूच्या हवाली करायला निघाले होते, तिला त्यांनी टाच आपटून सलाम ठोकला. बिफोर टाइम गोष्टीचं त्यांना फार कौतुक होतं. सरही पाघळले. उद्यापासून सुई बंद, हे पुन्हा कुणी बोललं नाही. त्यानंतर आठ वर्षांत जितकी बाळं आपल्या वॉर्डात न रडता पंखा बघत पडली, ती तुमच्या त्या एका थापेवर.

साडेपाच तुम्ही कुठून आणलंत, हे मला आठवडाभर कळत नव्हतं. मग पुढच्या बाळाच्या वेळी, सुई भरत असताना, तुम्ही दारातून डोकावून विचारलंत, "म्याडम, आज कडक का फिक्कं?" चहाचं विचारावं तसं. तेव्हा लक्षात आलं. रोज तो ट्रे तुम्हीच आवरायचात. पट्टीवरचं औषधाचं इंग्रजी नाव तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. त्या दुपारी आत येऊन तुम्ही आकडा पाहिलात, रोजच्यापेक्षा वेगळा दिसला, आणि दोन तास वाढवून सांगितलेत. म्हणजे शिव्या खायच्या आधीच तुम्हाला ठाऊक होतं, कुणाच्या खाताय.

"फिक्कं," मी म्हणाले. बस. माफीची तेवढी चांगली वेळ पुन्हा आली नाही, आणि रोज आली.

तुमच्या दहाव्याला मी कुंडलला आले होते. बसायला सतरंजी दिली, चहा दिला. तिथे एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, "लय मोठी बाई. तान्ह्या पोरांच्या कमरंत सुई द्यायाची, पोरगं रडायाचं न्हाई. सांगलीत तिच्याबिगर पान हलत न्हवतं." मग माझ्याकडे वळून, "तुमी काय करता वो तितं?"

मी म्हणाले, "मी मावशींच्या हाताखाली असते."

ते मान हलवून म्हणाले, "शिकून घ्यायचं हुतं की मग."

परवा बाळ आलं. चार महिन्यांचं, लोणंदच्या बाजूचं, हर्नियाच. तुमच्यामागे पहिलंच. सकाळी सरांनी विचारलं, "बाहेर कोण सांगणार? नाहीतर राहू दे सुई, आपलं जुनंच बरं." मी म्हणाले, मी सांगते. सरांनी मास्क खाली करून माझ्याकडे पाहिलं.

ऑपरेशन झाल्यावर मी बाहेर गेले. बाळाची आई, आजी, दोन काका. आजी कॉटवर मांडी घालून बसलेली, नऊवारी, आवाज बाजारातला. मी उभ्या उभ्या बोलायला लागले, जमेना. मग बाकावर बसले. लाईटचं काही मला बोलता आलं नाही, ते तुमच्या तोंडी शोभायचं. मी आपलं साधंच सांगितलं. पाय जड राहतील, चार तास, कधी सहा, नक्की सांगता येत नाही. म्हणून पाय हलेपर्यंत मी इथंच बसते.

"इथंच? आवं, तुमास्नी दुसरी कामं नसतील का?"

"आहेत."

आजी कॉटवर थोडी पुढे सरकली. "आसं समद्यांजवळ बसतासा?"

"नाही. आमच्या मावशी बसायच्या." आणि मग, का कोण जाणे, मी बोलत सुटले. एकदा मी वेळ बदलली आणि मावशींना सांगितलं नाही, लोक त्यांना वाटेल ते बोलले, मी पडद्यामागे उभी होते. सगळं. लोणंदच्या चार अनोळखी माणसांना, त्यांचं बाळ आमच्या भरवशावर असताना. कुठल्याही पुस्तकात अशा वेळी हे सांगा म्हणून लिहिलेलं नाही.

"मग तिला सांगितलंसा का?" आजीनं विचारलं.

"नाही."

"मग सांगा की आता."

"त्या गेल्या. वीस दिवस झाले."

बाळाच्या आईच्या मांडीवरून आजीनं बाळ उचललं आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा. बसायचंच हाय तर धरून बसा." मावशी, पंधरा वर्षं मी बाळांना भूल देते, त्यांचं वजन मला दशांशापर्यंत पाठ असतं. जागं बाळ मांडीवर घेऊन बसल्याचं मात्र मला आठवत नाही. ते जड लागतं. ते बघतं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. जखमेला घासू नये म्हणून लंगोट बांधलेला नव्हता, नुसतं फडकं टाकलं होतं. एकदम एक धार उडाली. माझ्या साडीवर, बाकावर, आणि खरं सांगते, चष्म्यावरसुद्धा. दोन्ही काका उठून उभे राहिले. बाळाची आई मेल्याहून मेल्यासारखी झाली. "आगं बया! डाक्टरीणबाई, माफ करा वो!"

पण कमरेतल्या सुईनंतर लघवी झाली की आमचा अर्धा घोर मिटतो. आणि ते बाळ नुसतं भिजवून थांबलं नाही. उजवा पाय उचलून त्यानं माझ्या पोटावर आपटला, मग डावा. मी ओरडले, "झाली! पाय हलला! दोन्ही हलले!" मी किती मोठ्यानं ओरडले, ते ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं तेव्हा कळलं. सर हातमोज्यांसह बाहेर आले.

"कोण ओरडतंय इथं?"

आजीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्या," ती म्हणाली. "रागवू नगासा. ह्यांची मावशी वारलीया."